गोदामात थप्पी अंगावर पडली. मालक म्हणतो, पन्नास हजार घ्या अन् सही करा

काळीमाती (धागाकर्ता) । १८ जानेवारी २०२६

राम राम मंडळी. मी इथं पीकपाण्याचे धागे वाचतो, लिहीत कधी नाही. आज घरचंच प्रकरण आहे म्हणून लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे भाऊजी, मोठ्या बहिणीचे यजमान. दोन एकर कोरडवाहू वावर, त्यात भागत नाही म्हणून तालुक्याच्या गावी बायपासवरच्या एका खासगी गोदामात हमाली करतात. सहा वर्षं झाली, तेच गोदाम, तीच टोळी. सोयाबीन, तूर, हरभरा उतरवायचा, थप्पी लावायची, ट्रक आला की भरून द्यायचा.

६ नोव्हेंबरला सकाळी मुनीमजी म्हणाले, भिंतीकडच्या थप्पीचे खालचे कट्टे (पोती) ओले झालेत, वास सुटलाय, काढून घ्या. थप्पी सोळा-सतरा थरांची. वरून उतरवत आणायची तर अर्धा दिवस गेला असता, आणि बाहेर दोन ट्रक खोळंबलेले. म्हणून खालूनच ओढा म्हणाले. भाऊजी सांगतात, थप्पीनं आधीच पोट काढलं होतं. तिसरा कट्टा ओढला आणि अख्खी बाजू अंगावर आली. उजव्या मांडीचं हाड मोडलं, घोट्याचा चुरा झाला. मांडीत रॉड आहे, घोट्यात स्क्रू. अडीच महिने झाले, खाटेवरून उठून दारापर्यंत कुबडीवर येतात तेवढंच.

मुनीमजींनीच आपल्या गाडीतून खासगी दवाखान्यात नेलं. चांगलंच केलं म्हणा. पण तिथं सांगितलं की पेशंट घरी शिडीवरून पडला. केसपेपरवर तसंच लिहिलंय. आमच्या लक्षात आलं डिस्चार्जच्या दिवशी, तेही माझ्या भाचीनं वाचलं म्हणून.

बिल झालं १ लाख ३८ हजार. मालकानं ४० हजार भरले आणि वहीत भाऊजींच्या नावावर उचल म्हणून मांडले. आता निरोप आलाय: पन्नास हजार देतो, पाचशेच्या स्टॅम्पवर सही करा. मजकूर असा, की 'स्वखुशीने मदत मिळाली, यापुढे कुठल्याही कोर्टात तक्रार करणार नाही.' मागची वीस हजारांची उचल आणि हे ४० हजार वेगळे कापणार की काय तेही कळत नाही.

बहीण म्हणते, सही करून टाकू. कारण हाच मालक आमचा अडत्या पण आहे. पेरणीला पैसे तोच देतो, माल तोच घेतो. त्याच्याशी वाकडं घेऊन गावात राहायचं कसं?

काय करावं?

तूरदाणा । १८ जानेवारी

सही करू नोका भाऊ. बाकीचं मागून पाहू. त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पण सही नोको. आमच्या गावात एकाचा पाय असाच गेला, तीस हजारात मिटवलं, आता तो चौकात बसून लोकाइच्या मोटरसायकली पाहते.

काळाकोट । १८ जानेवारी

कामगार न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे थोडं सविस्तर.

हे प्रकरण कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ खाली येतं. जुना 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन' तोच, २००९च्या दुरुस्तीनं नाव बदललं. गोदामात मालाची चढउतार करणारा माणूस त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्पष्ट नमूद आहे. रोजंदारी असली तरी चालतं, नियुक्तीपत्र नसलं तरी चालतं.

मुख्य गोष्ट: इथं मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली, एवढं पुरे. मुनीमजी खालून ओढा म्हणाले की नाही यावर दावा अडत नाही. भाऊजींचीच चूक होती असं मालक म्हणाला तरी भरपाई बुडत नाही. अपवाद मोजके आहेत: दारूच्या अमलामुळेच अपघात झाला, किंवा सुरक्षेचा नियम वा साधन मुद्दाम झुगारलं. आणि मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हे अपवादही मालकाच्या कामाला येत नाहीत.

स्टॅम्पपेपरचं म्हणाल तर, कामगारानं भरपाईचा हक्क सोडला असा कुठलाही करार या कायद्याच्या कलम १७नं रद्दबातल ठरतो. तडजोड करायचीच असेल तर ती आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, नोंदवावी लागते. रक्कम फारच अपुरी आहे किंवा दबावानं सही घेतली आहे असं दिसलं तर आयुक्त नोंद नाकारू शकतात.

दुसरं, उचल. भरपाईच्या रकमेवर ना जप्ती येते, ना तिच्यातून कुणाचं देणं वळतं करता येतं (कलम ९). वीस हजारांची उचल हा वेगळा हिशेब आहे, तो मालकानं वेगळा मागावा. सावकार, सोसायटी, बँक, कुणालाच ती रक्कम धरता येत नाही.

आणि बिल. २००९च्या दुरुस्तीपासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं द्यायचा असतो, भरपाईच्या वर, वेगळा. दवाखान्यात भरलेले ४० हजार म्हणजे उचलही नाही आणि भरपाईही नाही. तो त्यांच्याकडून निघणाऱ्या खर्चाचा एक भाग आहे.

आधी एक सांगा: पगारातून इएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो का? इएसआय लागू असेल तर रस्ता वेगळा, मग मालकाऐवजी महामंडळाकडून लाभ मिळतो आणि १९२३च्या कायद्याखाली दावा करता येत नाही.

काळीमाती । १९ जानेवारी

इएसआय-बिएसआय काही नाही साहेब. पगारच नाही तर कापणार काय! कट्ट्यामागे हमाली, शनिवारी हिशेब. मुकादम टोळीची वही ठेवतो, किती कट्टे उतरले, किती भरले, कुणाच्या वाट्याला किती आले. वर्षाचे सरासरी काढले तर महिन्याला बारा हजारांच्या आसपास पडतात, सीझनला जास्त, पावसाळ्यात कमी.

काटापट्टी । १९ जानेवारी

मी स्वतः छोटा व्यापारी आहे, माझं पण गोदाम आहे, त्यामुळे दगड मारायचे तर मारा. पण दुसरी बाजू पण ऐका. मुनीम दवाखान्यात खोटं का बोलला? कारण घाबरला. पोलिस येतील, गोदाम बंद पाडतील, ट्रक उभे राहतील. ते चूकच आहे, मी समर्थन करत नाही. पण आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नसतं की मालाचा विमा वेगळा आणि माणसांचा वेगळा. बँक सीसी (कॅश क्रेडिट कर्ज) देताना मालाचा विमा उतरवून घेते, म्हणून तो असतोच. माणसांचा कुणी मागत नाही म्हणून नसतो. मी चार वर्षांपासून घेतो. नावं द्यावी लागत नाहीत, वर्षाची अंदाजे मजुरी सांगायची, त्यावर हप्ता. वर्षाचा हप्ता एका ट्रकच्या भाड्याइतकाही नाही. त्या मालकाकडे पॉलिसी आहे का ते आधी विचारा. असेल तर तो कशाला भांडतोय? नसेल तर मात्र पैसे खिशातून जाणार, म्हणून तो पन्नास हजारांवर अडलाय.

तूरदाणा । १९ जानेवारी

काटापट्टी भाऊ, थप्पी पोट काढून राहिली हे मुनीमाले दिसत नव्हतं काय? सोयाबीनचा दाणा ओला दिसला बरोबर.

काटापट्टी । १९ जानेवारी

दिसत होतं. म्हणूनच म्हटलं चूक आहे.

काळाकोट । १९ जानेवारी

हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे बहिणीला पन्नास हजार कशाच्या बदल्यात देताहेत ते कळेल.

कायम पूर्ण अपंगत्व असेल तर मासिक मजुरीचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. गुणक चौथ्या अनुसूचीत छापलेला आहे. समजा वय ४०, तर तो १८४.१७. मजुरीची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५ हजार आहे, आपले १२ हजार तिच्या आत बसतात. म्हणजे ७,२०० गुणिले १८४.१७, होतात १३ लाख २६ हजार २४ रुपये.

हे शंभर टक्क्यांचं. अंशतः असेल तर कमाईची क्षमता जितके टक्के घटली तितका भाग. चाळीस टक्के धरले तरी ५ लाख ३० हजार. आणि आत्ता जे खाटेवर आहेत त्या काळासाठी मजुरीच्या २५ टक्के दर पंधरवड्याला, म्हणजे तीन-तीन हजार, जास्तीत जास्त पाच वर्षं. हे पंधरवड्याचे पैसे मिळाले असतील तर शेवटच्या एकरकमी रकमेतून वजा होतात. दवाखान्याचा खर्च वजा होत नाही.

देय झाल्यापासून महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज. पटण्यासारखं कारण नसताना थकवले तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड मालकाच्या खिशातूनच, विमा कंपनीवर ढकलता येत नाही.

पहिल्या अनुसूचीत काही इजांचे टक्के ठरवून दिलेले आहेत: अंगठा गेला तर ३०, एका हाताची दोन बोटं गेली तर २०, चारही बोटं गेली तर ५०. मांडीचं मोडलेलं हाड, चुरा झालेला घोटा त्या यादीत नाही. तिथं डॉक्टरनं टक्के सांगावे लागतात, आणि खरा वाद तिथंच होतो.

काळीमाती । २० जानेवारी

तेरा लाख वाचून बहीण म्हणाली, हे वाचलंच नसतं तर बरं होतं, आता झोप लागणार नाही.

वयाचं एक विचारायचं राहिलं. शाळेच्या दाखल्यावर भाऊजी ४० चे आहेत. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे (आमच्या गावात निम्मं गाव १ जानेवारीलाच जन्मलंय) आणि त्यानुसार अपघाताच्या दिवशी वय ४५ भरतं.

काळाकोट । २० जानेवारी

दाखला जोडा, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीनं घ्या. ४५ ला गुणक १६९.४४ आहे. शंभर टक्क्यांच्या हिशेबात फरक पडतो १ लाख ६ हजार ५६ रुपयांचा. शाळेत जायचा-यायचा खर्च निघेल.

बारदाना । २२ जानेवारी

मी हिंगणघाटकडची. माझे आजोबा जिनिंगमध्ये आणि नंतर मार्केट यार्डात हमाल होते. त्यांना वाचून दाखवला हा धागा. ते सांगतात तसं लिहिते.

"आमची टोळी माथाडी मंडळात, म्हणजे हमालांच्या सरकारी मंडळात, नोंदलेली होती. अण्णासाहेब पाटलांनी लढून तो कायदा आणला, १९६९ साली. मंडळात नाव असलं की मजुरी मंडळातून येते, मालक वर लेव्ही भरतो, आणि माणूस कुणाचा हा प्रश्नच उरत नाही. आता नवीन गोदामं सगळी बायपासला, यार्डाच्या बाहेर. तिथं टोळ्या नोंदतच नाहीत. नोंदा म्हटलं की मालक दुसरी टोळी आणतो, ती पण परराज्यातली."

पुढचं त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलं. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कट्टे वर चढवणाऱ्या पट्ट्यात गेली होती. दावा केला तेव्हा मालकाच्या वकिलानं एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: हा माणूस त्या दिवशी आमच्याकडे होता कशावरून? बोटं कशी गेली यावर कुणी भांडलंच नाही. शेवटी काय कामाला आलं माहीत आहे? वजनकाट्याची पावती. त्या दिवशीच्या ट्रकच्या पावतीमागे काटेवाल्यानं टोळीतल्या माणसांची नावं लिहून हमाली वाटली होती, आणि ती पावती आजोबांनी आकडीच्या (कट्टे ओढायच्या लोखंडी हुकाच्या) पिशवीत ठेवली होती. ती आकडी अजून घरी खुंटीला आहे.

तर आजोबा म्हणतात, पहिले वही धरा. मुकादमाची वही.

काळीमाती । २३ जानेवारी

बारदाना ताई, आजोबांना नमस्कार सांगा. मुकादमाकडे जाऊन आलो. माणूस चांगला आहे, पण फार घाबरलेला. वही दाखवली. ६ नोव्हेंबरच्या पानावर भाऊजींच्या नावापुढे बारा कट्टे आणि पुढे नुसती रेघ. बाकीच्यांच्या नावापुढे संध्याकाळपर्यंतचे आकडे आहेत. फोटो काढू दिला. वही मात्र देणार नाही म्हणाला. शिवाय मालक आता सांगून राहिला की हमाल आमचे नाहीतच, मुकादमाचे आहेत, काय ते त्याच्याकडून घ्या.

तूरदाणा । २३ जानेवारी

मुकादमाकडून काय घेता, त्याची सायकल?

काळाकोट । २३ जानेवारी

हा बचाव ठरलेलाच असतो. कलम १२: धंद्याचं नेहमीचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं, आणि अपघात मालकाच्या ताब्यातल्या जागेत झाला, तर मूळ मालक थेट जबाबदार. त्यानं नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं, ते त्यांचं ते बघतील. धान्य साठवणं हाच ज्याचा धंदा आहे त्यानं चढउतार माझं काम नव्हे म्हणणं टिकत नाही. अर्जात मालक आणि मुकादम दोघांनाही सामनेवाले करा. मुकादमाला समजावून सांगा, त्याचं नाव कायद्याच्या गरजेपोटी आहे, वैरापोटी नाही. नाहीतर तो वही जाळेल.

वहीबरोबर आणखी काय मिळतं ते बघा. शनिवारचे पैसे फोनवर येत असतील तर बँकेचं स्टेटमेंट. टोळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी गोदामात काढलेले फोटो. ट्रकच्या त्या दिवशीच्या बिल्ट्या (मालवाहतुकीच्या पावत्या).

नवाकोरा । २५ जानेवारी

सगळे १९२३ चा कायदा सांगताय, पण तो आता राहिला कुठे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. भरपाईचा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला. चुकीच्या कायद्याखाली अर्ज केला तर फेटाळला जाईल. लोकांना अर्धवट माहिती देऊ नये.

काळाकोट । २५ जानेवारी

मुद्दा बरोबर काढलात, निष्कर्ष चुकला. अपघात ६ नोव्हेंबरचा, संहिता लागू झाली २१ तारखेला. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच निर्माण होतो. प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबाता, सर्वोच्च न्यायालय, १९७५. आणि त्या दिवशी जो कायदा, जो दर असेल तोच लागतो, हे केरळ वीज मंडळ विरुद्ध वलसला या निकालात १९९९ साली स्पष्ट झालं. म्हणून इथं जुनाच कायदा. २१ नोव्हेंबरनंतरच्या अपघातांना संहिता. तिच्यात घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही काही अटींवर धरलाय, हे वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगं. सायकलनं गोदामावर जाणारे कितीतरी आहेत.

नवाकोरा । २५ जानेवारी

मान्य. पंधरा दिवसांचा फरक आहे हे मी वाचलंच नव्हतं.

पऱ्हाटी । २६ जानेवारी

जरा वेगळं विचारते. आमच्याकडे गोदामात कीड लागू नये म्हणून गोळ्या ठेवून ताडपत्री टाकतात. ताडपत्री काढताना दोघांना उलट्या झाल्या, चक्कर आली. ते पण यात बसतं का?

काळाकोट । २६ जानेवारी

त्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू निघतो, खेळ नाही. काम करताना वायू लागून आजारी पडले तर तोही कामावरचा अपघातच. दवाखान्याच्या कागदावर वायूचा उल्लेख आलाच पाहिजे. बाकी वेगळा धागा काढा, इथं भाऊजी मागे पडतील.

काळीमाती । ९ फेब्रुवारी

दोन आठवडे गायब होतो, हरभरा सोंगणीला आला होता.

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर आधी भडकले. म्हणाले, आणणाऱ्यानं जे सांगितलं ते आम्ही लिहिलं, आता खाडाखोड करणार नाही. ते पण खरंच आहे, खाडाखोड केली असती तर उलट आमच्यावरच आली असती. मग तिथल्या रेकॉर्डवाल्या ताईंनी फाईल काढून दिली. त्यात भरतीचा फॉर्म आहे. 'रुग्णास आणणाऱ्याचे नाव', तिथं मुनीमजींचं नाव. 'नाते', तिथं लिहिलंय 'मालक'. खाली सही, मोबाईल नंबर, वेळ सकाळी १०.४०. ऑपरेशनच्या संमतीवर पण त्यांचीच सही, कारण बहीण गावाहून पोचायला दुपारचे दोन वाजले.

मी ते पान तीनदा वाचलं. शिडीवरून घरी पडले म्हणता, मग घरच्या माणसाआधी मुनीम कुठून आला?

सगळ्या फाईलची सही-शिक्क्याची नक्कल घेतली. डॉक्टरांनी शेवटी आजच्या तारखेची वेगळी नोंद केली, की रुग्ण स्वतः गोदामात पोती अंगावर पडल्याचं सांगतो आणि इजा वजनदार वस्तू पडून होण्यासारखी आहे.

काळाकोट । ९ फेब्रुवारी

शाब्बास. 'नाते: मालक' हे तर सोनं आहे. मूळ फाईल न्यायालयात मागवून घेऊ, नक्कल जपून ठेवा.

आता नोटीस. मालकाला रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. तारीख, वेळ, जागा, कशी इजा, मजुरी, मागणी. चार वाक्यांत. अपघात त्यांना माहीत होता हे तर फॉर्मवरूनच दिसतं, त्यामुळे नोटीस उशिरा दिली म्हणून दावा अडत नाही, तरी द्याच. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं.

अर्ज कुठं करायचा हा प्रश्न पण येईल: अपघात जिथं झाला तिथं, किंवा भाऊजी राहतात तिथं, दोन्ही चालतं.

बारदाना । १० फेब्रुवारी

वकील कसा करायचा? आमच्याकडे पंचवीस टक्के मागतात, वर सहीचा कोरा वकालतनामा.

काळाकोट । १० फेब्रुवारी

मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. तरी चालतं, मला नाही म्हणता येणार नाही, माझेच भाऊबंद आहेत. फी ठरवा ती आकड्यात ठरवा, पावती घ्या. परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, तिथून मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

तूरदाणा । १० फेब्रुवारी

अन् शेतकरी अपघाताचे दोन लाख? सातबारा आहे ना भाऊजीच्या नावावर.

काळीमाती । ११ फेब्रुवारी

कृषी कार्यालयात विचारलं. गोपीनाथ मुंडे योजनेत हात, पाय किंवा डोळा निकामी झाला पाहिजे आणि अर्ज तीस दिवसांत. दोन्हीकडून हुकलं.

आज मालक स्वतः घरी आला होता. पेढे घेऊन. भाऊजींच्या पायाकडे पाहिलं नाही, सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. दोन लाख म्हणाला. पेरणीचं काय करता, मी आहे ना, असं पण म्हणाला. बहिणीनं चहा केला. भाऊजी काही बोलले नाहीत. तो गेल्यावर म्हणाले, सहा वर्षांत पहिल्यांदा आपल्या घरी आला.

काटापट्टी । ११ फेब्रुवारी

पेढे घेऊन आला म्हणजे पॉलिसी नाही. लिहून ठेवा.

आणि पेरणीच्या पैशाची एवढी धास्ती घेऊ नका. आत्ताच सोसायटीच्या पीककर्जाचे कागद करायला घ्या, जूनची वाट बघू नका. माल विकायला दुसरे अडते आहेत. मी व्यापारी असून सांगतोय.

नवाकोरा । १२ फेब्रुवारी

दोन लाख काही वाईट नाहीत. कोर्टात किती वर्षं जातील? वकील, तारखा, भाडं. हातात येतात ते घ्यावेत असं माझं प्रामाणिक मत.

काळाकोट । १२ फेब्रुवारी

हे मत चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, वेळ लागतोच. पण आधी टक्के कळू द्या, मग ठरवा. आत्ता भाऊजींचं नुकसान बारा टक्क्यांचं आहे की पन्नास टक्क्यांचं, कुणालाच माहीत नाही. आणि घ्यायचेच असतील तर आयुक्तांसमोर, नोंदवून. ओट्यावर बसून नाही.

काळीमाती । २४ मार्च

हाड जुळलंय पण पाय पाऊण इंच आखूड झालाय. घोटा वाकत नाही. सरकारी दवाखान्यातून प्रमाणपत्र मिळालं, ३८ टक्के. मग हिशेब ३८ टक्क्यांचाच ना?

काळाकोट । २४ मार्च

नाही! इथंच लोक अर्ध्यावर सोडून देतात. ३८ टक्के हे पायाचं, शरीराचं अपंगत्व. कायदा विचारतो कमाईची क्षमता किती गेली. आधी सांगितलेला साबाताचा १९७५चा निकाल याच प्रश्नावर आहे. श्रीनिवास साबाता सुतार होता, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं नुकसान शंभर टक्के धरलं. भाऊजींचा घोटा वाकत नाही. पाठीवर पन्नास किलोचा कट्टा घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढता येईल का, हा प्रश्न त्याच डॉक्टरांना लेखी विचारा. उत्तर लेखी घ्या. शंभर टक्के मिळतीलच असं मी सांगत नाही, आयुक्त पुरावा बघून ठरवतील. पण मागताना ३८ वर थांबू नका.

काळीमाती । २६ मार्च

विचारलं. डॉक्टरांनी लिहून दिलं: 'वजन उचलून चढण्या-उतरण्याचे काम यापुढे करता येणार नाही.' एक ओळ. ती ओळ वाचून भाऊजी बराच वेळ गप्प होते. माझ्या डोक्यात टक्के होते, त्यांच्या डोक्यात टोळी होती.

तूरदाणा । २६ मार्च

वावरात बसून होईल असं काही पाहू भाऊ. शेळ्या घेऊ. माह्याकडे दोन पाठी आहेत, घेऊन जा.

काळीमाती । १४ एप्रिल

अर्ज दाखल झाला. विधी सेवेकडून वकीलबाई मिळाल्या, फार बारकाईनं वाचतात. मालकाचं नोटिशीला उत्तर आलं होतं: सदर इसम आमच्याकडे कधीही कामाला नव्हता, आणि सदर इसम कामावर दारू पिऊन येत असे. वकीलबाई हसल्या, म्हणाल्या, कामाला नव्हता तर पिऊन यायचा कुठं?

मुकादमाची साक्ष लागणार आहे. मी स्वतः काही बोललो नाही, भाऊजीच ट्रॅक्टरवर बसून त्याच्या घरी गेले. तो म्हणाला, येतो, पण मला समन्स पाठवा, म्हणजे मालकाला दाखवता येईल की बोलावलं म्हणून गेलो. वही गोणपाटात गुंडाळून बायकोच्या माहेरी ठेवलीय म्हणे.

काळाकोट । १४ एप्रिल

समन्सची मागणी योग्य आहे, बाईंना सांगा. वहीसकट समन्स काढता येतो.

काळीमाती । २ मे

पहिली तारीख लागली, पुढच्या आठवड्यात. सकाळच्या एसटीनं निघू. एक्स-रे, वहीचे फोटो, फॉर्म, दाखला, सगळं एका पिशवीत लावलंय. भाऊजींचा एकच प्रश्न आहे, तो विचारतो. ते म्हणतात, कुबडी घेऊन गेलो तर साहेबाला नाटक वाटेल का? न घेता गेलो तर बरा झाला म्हणतील का?

काळाकोट । २ मे

घरी घेतात का?

काळीमाती । २ मे

अंगणात घेत नाहीत, भिंत धरतात. लांब जायचं असलं की घेतात.

काळाकोट । २ मे

कोर्टात जिने आहेत. घेऊन या.